अंगठ्याएवढी टेकडी

यार्को पहाटे चारला सुटतो, बर्फ ढकलायच्या गाडीवरून,
आणि घरी न जाता तळघरात येतो.
आमच्या इमारतीखाली बॉम्बपासून वाचायची खोली आहे.
साठ वर्षांत बॉम्ब आला नाही.
सायकली आल्या, घसरगाड्या,
हिल्काबाईंच्या जामच्या बरण्या,
आणि मागच्या सप्टेंबरपासून मी.

एक पिंप. पिंपावर काच, काचेवर काच,
मधे ओली पूड.
ढकलायची, ओढायची, जराशी फिरवायची
आणि पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं.
पंचवीस सेंटिमीटरचा आरसा, दुर्बिणीसाठी.
विकत मिळतो.
हे मला सगळ्यांनी सांगून झालंय.

त्यानं विचारलं तेव्हा
दोनशेवीस नंबरची पूड नुकतीच पसरली होती.
टोपी काखेत, भुवयांवर बर्फ,
"आपण लग्न करू या का?"
मी म्हटलं, थांब, एवढी ओल संपू दे.
पूड आधी किरकिरते, मग कुजबुजते,
मग गप्प होते. पाच मिनिटं लागतात.
तो सायकलींमध्ये उभा राहिला,
टोपीतून पाणी ठिबकत होतं.
पूड गप्प झाल्यावर मी म्हटलं, हो.
साखरेचा पुडा कुठला असायला?
पुडीत होती ती ही राखाडी,
चाखली तर दात झिजतील अशी.

इथे अंगठी दोघंही घालतात, साधी, बिनखड्याची.
पण तिच्याखाली एक कण अडकला
की चार महिन्यांवर ओरखडा.
म्हणून आत येताना दोन्ही अंगठ्या दाराजवळच्या खिळ्यावर.
एकदा माझी तिथेच राहिली.
सकाळी खिळ्याला चिठ्ठी:
"कुणाचा तरी साखरपुडा इथे विसरलाय.
जामच्या फळीवर ठेवलाय. हिल्का, दुसरा मजला."

आई सोत्कामोहून फोन करते. हॉल कुठला, तारीख कुठली.
मी सांगते, पाचशे होऊ देत.
ती म्हणते, अगं, पाचशे माणसं?

जानेवारीत एकदाच भांडलो, तेही हळू आवाजात,
वरती लोक झोपलेले.
तो म्हणाला, मी रोज तोच रस्ता मोकळा करतो,
रोज तो पुन्हा भरतो. तुझं निदान संपत येतंय.
मला वाटलं होतं तो दुसरंच काही म्हणेल.
उत्तर तयार होतं माझ्याकडे,
ते वाया गेलं.

मार्चमध्ये तपासणी. खोलीभर अंधार,
तीन मीटरवर बारीक दिवा, दिव्याजवळ दाढीचं पातं.
या उजेडात केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटा
डोंगरासारखी सावली टाकतो.
आरसा कलतोय असं वाटून यार्कोनं तो धरला,
नेमका समोरून, अंगठ्यानं.
मी ओरडले.
मग पात्यामागे डोळा लावला तर
सपाट करड्या माळावर
एक टेकडी.
हाताच्या उबेनं काच फुगते, एवढंच.
"बिघडवलं का मी?"
नाही. निवेल.
"बघू?"
त्यानं बराच वेळ पाहिलं. "हा मी?"
हा तू.
टेकडी बसायला पाऊण तास लागला.
मी काम सुरू करू शकत नव्हते,
आणि करायचंही नव्हतं.

चांदीचा थर चढवून आरसा पोस्टानं परत आला
तेव्हा मे उजाडला होता.
मेमध्ये कायानीत रात्रच होत नाही.
आठ महिने घासून
एक चांदणी दिसायची सोय नाही.
हिल्काबाई हसून हसून खाली बसल्या.

तरी बाल्कनीत प्लायवूडची नळी उभी केली,
नदीपलीकडे रोखली.
या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं.
पलीकडे एक म्हातारा
पालथ्या होडीला डांबर फासत होता.
आमच्या डोळ्यात होडी सुलटी,
पाण्यात ढकलायला तयार,
आणि म्हातारा आभाळातून लोंबत
शांतपणे ब्रश चालवतोय.

तारीख ऑगस्टअखेरची धरली आहे,
अंधार पडायला लागतो तेव्हाची.
हॉल मिळालेला नाही.
यार्को म्हणतो, सरक ना जरा, मलाही बघू दे,
आणि नळीवर हात ठेवतो,
अंगठा वर उचलून.